आरामाने आखडलेला हात

काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात एक आजी येत. चुलीजवळ पदराने पेट घेतला आणि मान, काख, कोपर भाजले. जखमा भरत आल्या होत्या. वेदना पाहवेनात म्हणून मी म्हणालो, ‘आजी, महिनाभर आराम करा.’ सुनेने मायेने मानेखाली उशी दिली, हात छातीशी घेऊन ठेवला. महिन्यानंतर तो हात केसांपर्यंत पोहोचेना. चूक माझी होती.

वाचकहो, खोल भाजल्याचा व्रण साधारण वर्ष-दीड वर्ष आकसत राहतो. ज्या स्थितीत दुखत नाही, त्याच स्थितीत सांधा आखडतो. म्हणून मान भाजली असल्यास उशी टाळावी. काख भाजली असल्यास हात अंगापासून दूर ठेवावा. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने दिवसातून अनेकदा सावकाश ताण द्यावा. अंग फार भाजले की स्नायूही झिजतात. त्यांना चालणे हवे, डाळ, दूध, अंडी हवीत. मात्र त्वचा फाटली वा ताप आला, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

१९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून वऱ्हाडाला व्यायाम ठाऊक आहे तो बळासाठी. भाजलेल्यांना तो हात परत देतो.

आजी रोज भिंतीवरून बोटे वर नेत, सून खडूने खूण करी. पोळ्याच्या सकाळी आजींनी आपला अंबाडा आपल्या हाताने बांधला.