गैरहजेरीची कारणं

फाल्गुन सरता सरता पोंभुर्ण्याच्या भवतालच्या जंगलात मोह गळायला लागतो. फुलं रात्रभर पडत राहतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि रानातली जनावरं खाऊन टाकतात. नेमकी त्याच दिवसांत आमच्याकडे सकाळची शाळा लागते, कारण दुपारी वर्गात बसवत नाही. म्हणजे सात वाजता पोरानं टोपली घेऊन झाडाखाली असायला हवं आणि सात वाजताच पाटी घेऊन वर्गात. माझ्या आईची सगळी मास्तरकी या पेचात गेली.

ती नोकरीला लागली तेव्हा आमच्याकडच्या शाळा जनपद सभेच्या होत्या. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. पगार देणारा बदलला, फळा आणि पोरं तीच राहिली. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा, आणि तो थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेला. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा झाला, तोवर बदलीचा कागद आला की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही जावं लागे. आई त्या कागदाला भीत असे. तिला पोंभुर्णाच हवं होतं, कारण इथल्या घराघरातली कारणं तिला पाठ झाली होती.

कारणं म्हणजे खरोखरच कारणं. सरकारी हजेरीपटासोबत ती एक साधी वही ठेवायची. त्यात फक्त न आलेल्यांची नावं, आणि नावापुढे का आलं नाही ते. जुलैच्या पानांवर ‘रोवणी’ आणि ‘लहान भावाला सांभाळते’. माय अंधारी नदीच्या काठच्या बांधीत चिखलात उतरली की तान्ह्याला पाहणारी आठ वर्षांची बहीणच असते. दिवाळीनंतर ‘नाटक पाहिलं’; मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि सगळं गाव मुलाबाळांसकट मांडवात असतं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी जे पोर कसंबसं येई, त्याला ती मागच्या भिंतीशी निजू देई. तपासणीला आलेल्या एका साहेबानं तिला त्यावरून टोकलं होतं. मग ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. आणि मार्च-एप्रिलमध्ये पानंच्या पानं ‘मोह’. पोरं दारात उभी राहून सांगत, “मोहा वेचाले गेलतो, बाई,” आणि ती म्हणे, “बस बापू, किती झाला?” त्यानं सांगितलेल्या टोपल्यांवरच त्या दिवशीचं गणित व्हायचं.

शाळेनं पोरांच्या कामाशी जुळवून घ्यायचं, हाच विचार आधीच, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केला होता. 1945 साली बोर्डीला ताराबाईंनी बालकांसाठी काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. ताराबाई एका मुलीची आई. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, त्यांना मूलबाळ नाही. टेकडीवरच्या पोरांना हा फरक कधी जाणवला असेल, असं मला वाटत नाही. आईनं हे सगळं वाचलं ते बऱ्याच उशिरा, आणि वाचून दिवसभर खुशीत होती.

आई गेल्यावर तिच्या तेरवीला एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले होते. सांगत होते, चौथीला असताना ते लागोपाठ बरेच दिवस शाळेत गेले नाहीत, तर एका पहाटे बाई मोहाखाली हजर. पदर खोचून आधी फुलं वेचू लागल्या, टोपली भरल्यावर म्हणाल्या, आता चल. आम्हाला घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या पहाटे आमची वेणीफणी कुणी केली असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

पुढं हजेरीला पैसे चिकटले. 1992 पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची पोषण आहार योजना आली, तिच्यात महिन्याला 3 किलो तांदूळ, पण 80 टक्के हजेरी असेल तर. आई त्याच वर्षी निवृत्त झाली. योजना तिला मनापासून आवडल्या होत्या, तांदळानं पोरं टिकतील हे तिला दिसत होतं. तरी ती म्हणायची, ज्या घराला मोहावाचून चालत नाही त्याच घराचा तांदूळ कापला जाणार. मला तिचं म्हणणं आजही बिनतोड वाटतं.

त्या वह्या घरात उघड्याच असत. मी तिच्याच वर्गात होते, आणि वर्गात तिला आई म्हणायची मुभा नव्हती. एकदा वही चाळताना माझंच नाव सापडलं. पुढं लिहिलेलं, ‘ताप. घरी कोणी नाही.’ तो दिवस मला आठवत होता: खाट, पाण्याचा गडवा, आणि दुपार सरता सरत नव्हती. शाळा एकशिक्षकी, ती गेली नसती तर कुलूप राहिलं असतं. एवढं कळत असूनही ती ओळ मला वर्षानुवर्षं टोचली. इतर कुणाच्याही पोरासाठी तिनं हेच, याच अक्षरात लिहिलं असतं, हे जास्त टोचलं.

ती नव्वदीकडे झुकल्यावर मी एकदा ते पान तिच्यापुढे धरलं. चष्मा पुसून तिनं वाचलं.

“मग काय खोटं लिहू?” म्हणाली. पान उलटून दुसऱ्या दिवसाच्या नावांवरून बोट फिरवलं. “दुसऱ्या दिवशी तुझं नाव नाही. म्हणजे तू आली होतीस.”

मी काही बोलायच्या आत बोट मागं आलं आणि माझ्या खालच्या नावावर थांबलं. मोह, मोह, मग ताप, मग नुसतंच नाव. “आणि हिचं काय झालं गं पुढं? चौथीला बसलीच नाही ही. सासर कुठलं हिचं, विचारून ठेव.”