आंकड्यांचें भय

मनुष्यास दुखण्यापेक्षां दुखण्याच्या नांवाचेंच भय अधिक वाटतें, असें आमचे आजोबा म्हणत असत. या वचनाची प्रतीति आम्हांस उतारवयांत आली. ती ज्या प्रकारें आली तो प्रकार चारचौघांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें सांगत आहों.

आमचें घर वर्ध्यास. घरांत आई, दादा-वहिनी, पुतणे, सुना आणि मुलेंबाळें. आमचें घोरणें हा या सर्वांच्या विनोदाचा जुना विषय. ‘भाऊजी घोरत असले म्हणजे चोराची छाती व्हायची नाहीं,’ असें वहिनी म्हणत. परंतु आमच्या कुटुंबास घोरण्यापेक्षां घोरणें एकाएकीं थांबे त्याचीच धास्ती वाटे. श्वास बंद पडे, मग गुदमरल्यासारखा हुंदका येई व पुन्हां घोरणें सुरू होई. आमचे वडील एकसष्टाव्या वर्षीं झोंपेंतच गेले होते, आणि आम्हांस तेंच वर्ष लागलें होतें. याविषयीं घरांत कोणी बोलत नसे. पण विसरलेंही कोणी नव्हतें.

अखेर मंडळींच्या आग्रहास्तव रात्रभर अंगास तारा लावून आमच्या झोंपेची परीक्षा झाली. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला, अगर फारच मंदावला, कीं तो एक प्रसंग धरतात. तासास असे पांचांहून कमी प्रसंग असल्यास चिंता नाहीं. तिसाच्या वर गेल्यास विकार तीव्र समजतात. आमचे ३८ निघाले. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाटच मिटते, हें त्याचें कारण. उपाय म्हणून ‘सीपॅप’ यंत्र मिळालें. नाकावर मुखवटा बसवून त्यांतून हवेचा अखंड दाब द्यावयाचा, म्हणजे वाट मिटत नाहीं, एवढेंच त्याचें मर्म. ऑस्ट्रेलियांतील कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरानें पांच रोग्यांवर केलेला हा प्रयोग १९८१ सालीं प्रसिद्ध केला.

पहिल्या आठवड्यांतच आम्हांस सकाळीं डोकें हलकें वाटूं लागलें. पण मनुष्याचा स्वभाव! थोड्यानें इतका गुण, तर अधिकानें किती येईल, असें वाटून आम्हीं पुतण्याकडून यंत्राचा दाब परस्पर वाढवून घेतला. तो बिचारा ‘काका, डॉक्टरांस विचारूं या’ असें म्हणाला होता. आम्हीं ऐकलें नाहीं.

पुढें एके सकाळीं त्यानें मोबाइलवर रात्रीचे आंकडे दाखविले. तासास एकूण ९ प्रसंग. पैकीं २ अडथळ्याचे आणि ७ ‘सेंट्रल’. या शब्दाचा अर्थ असा, कीं वाट मोकळी आहे, परंतु श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून आली नाहीं. वाचतांच आमच्या हातापायांतील बळ गेलें. आजवर घसा दगा देत होता, आतां मेंदूनेंच हात टेकले, असें आम्हांस वाटलें. वडिलांचेंही असेंच झालें असेल काय? आम्ही कोणापाशीं बोललों नाहीं. ही पीडा यंत्रानेंच आणली असें ठरवून मुखवटा नुसता उशाशीं ठेवूं लागलों.

चौथ्या रात्रीं कुटुंबानें आम्हांस हलवून उठविलें. दिवा लावून ती बसली होती. ‘अहो, आंकडे आपण वाचतां, पण श्वास मी ऐकतें. चार रात्री माझा डोळ्याला डोळा नाहीं,’ एवढेंच ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

१९६९ सालीं डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानें सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय निघालें. पुढें सावंगीसही झालें. त्यामुळें जाणत्या वैद्यासाठीं आम्हां वर्धेकरांस नागपूर गांठावें लागत नाहीं. आम्ही गेलों त्या डॉक्टरांनीं आंकड्यांकडे मागाहून पाहिलें. आधीं हृदयाची तपासणी केली, चालू औषधें विचारलीं. मग समजावून सांगितलें.

आम्हांस तें विहिरीवरच्या मोटेच्या दृष्टान्तानें उमजलें. मोट कपारींत अडकली म्हणजे बैल जीव खाऊन ओढतात, पण पाणी येत नाहीं. हा अडथळ्याचा प्रकार. मोट मोकळी आहे, पण बैलच उभे आहेत. हा मेंदूचा प्रकार. श्वास थांबला कीं आमचें यंत्र हवेच्या सूक्ष्म लहरी आंत सोडतें व प्रतिसादावरून वाट खुली कीं बंद हें ताडतें. वाट खुली दिसली कीं तें ‘सेंट्रल’ म्हणून नोंद करतें.

मग बैल उभे कां राहतात? संध्येच्या प्राणायामांत कुंभक आपण इच्छेनें करतों. झोंपेंत श्वासाचा कारभार मुख्यत्वें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायूच्या प्रमाणावर चालतो. यंत्रानें वाट एकदम मोकळी होऊन श्वासोच्छ्वास वाढला, कीं तो वायु कमी होतो. मेंदूस क्षणभर श्वासाची गरज भासत नाहीं. वायु पुन्हां सांचला कीं श्वास चालू होतो. नव्या रोग्यांपैकीं कांहींजणांत हें आढळतें आणि बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत शमतें. दाब नको तितका वाढविल्यास मात्र त्यास उत्तेजन मिळतें. येथें आम्हीं मान खालीं घातली!

दुसरी गोष्ट आम्हांस त्याहून उद्बोधक वाटली. आमचे निम्मेअधिक प्रसंग पहाटे चार ते पांच या वेळांतले होते. त्या वेळीं आम्ही जागे असतों; कूस बदलतों, सुस्कारा टाकतों, श्वास रोखून धरतों. यंत्रास मेंदूची तार नसल्यामुळें निजलेला कोण आणि जागा कोण हें त्यास कळत नाहीं!

तथापि हा आंकडा नेहमींच निरुपद्रवी असतो असें कोणीं समजूं नये. हृदय दुर्बळ झाल्यास, पक्षाघातानंतर, अथवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक औषधांनींही असें होतें. श्वास चढत चढत जाऊन मग उतरत थांबतो, तो प्रकार जॉन चेन यांनीं १८१८ सालीं व विल्यम स्टोक्स यांनीं १८५४ सालीं वर्णिला आहे. मेंदूच्या प्रकारासाठीं निराळें यंत्रही निघालें. परंतु ज्यांच्या हृदयाची शक्ति फार घटली आहे अशा रोग्यांत त्यानें हृदयविकारानें होणारे मृत्यु वाढले, असें २०१५ सालच्या मोठ्या प्रयोगांत दिसलें. म्हणून हा आंकडा तासास पांचांच्या वर टिकून राहिला, कीं वैद्यास दाखवावा. आपल्या हातानें दाब फिरवूं नये, यंत्रही टाकूं नये. एका रात्रीवर भिस्त न ठेवतां महिन्याचा कल पाहावा आणि मुखवट्यांतून हवा गळत नाहीं ना, हेंही पाहावें. गळती फार असल्यास नोंदीवर विश्वास ठेवतां येत नाहीं.

आमचें हृदय सुदैवानें निर्दोष निघालें. डॉक्टरांनीं दाब पूर्ववत् केला. ‘अडतिसाचे नऊ झाले हें आपण पाहिलेंच नाहीं,’ असें ते हंसून म्हणाले. दहा आठवड्यांनीं एकूण आंकडा तिहींवर आला. त्यांत मेंदूचा एक.

गेल्या महिन्यांत आम्हांस बासष्टावें वर्ष लागलें. पुतण्यानें गोरस भांडारांतून गोरसपाक आणला. आईनें ओवाळलें व बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या रात्रीं आम्हीं मुखवटा बांधला आणि शेजारीं पाहिलें, तों आमच्या आधींच आमचें कुटुंब गाढ झोंपीं गेलें होतें. कैक वर्षांत असें झालें नव्हतें. तो आंकडा कोणत्याही यंत्रांत उमटत नाहीं.