आयातीचा जाबता

संगणकाच्या आज्ञावलीच्या आरंभी, प्रत्यक्ष कार्यास हात घालण्यापूर्वी, बाहेरून कोणकोणती सामग्री मागवावयाची आहे तिचा एक जाबता दिलेला असतो. आम्हा व्यावसायिकांच्या बोलीत त्याला ‘इंपोर्ट’ म्हणतात, आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले काम भाषेच्या नव्या आवृत्तीवर एकाएकी ठप्प होते तेव्हा दोष बहुधा या पहिल्या आठदहा ओळींतच सापडतो. पायथॉन या भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली आणि दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला; माझी एक लहानशी आज्ञावली मात्र त्यानंतरही जुन्याच आवृत्तीवर सुखाने नांदत होती. तंजावरच्या मराठी कागदांविषयी मी करीत आलो त्या टिपणांची तारीखवार सूची लावणे, एवढेच तिचे काम. ती नव्या संगणकावर आणण्याचा योग आला तोही तंजावरातच, सकाळ राजवाड्याच्या आवारात सरस्वती महालाच्या वाचनालयात घालवून दुपारी बिऱ्हाडी परतल्यावर.

हे काम हातानेच केले पाहिजे असे नाही. पायथॉनच्या कर्त्यांनी ‘टू-टू-थ्री’ नावाचे एक उपकरण भाषेसोबतच दिले होते, जे सगळी आज्ञावली व्याकरणाच्या अंगाने वाचून तिचा वृक्ष मांडते, बदलावयाचे तेवढेच बदलते, आणि रिकाम्या जागा, टिपा, ओळींची मांडणी यांपैकी कशालाही धक्का न लावता मजकूर परत लिहून देते. मूळ कागदाचा समास आणि शेरासुद्धा जसाच्या तसा उतरविणाऱ्या जुन्या नक्कलनविसाचे इमान त्याच्या ठायी आहे. त्याच्यापाशी नावांची एक यादी असते: ‘सीपिकल’ऐवजी ‘पिकल’ म्हणावे, ‘एचटीटीपीलिब’ दिसल्यास ‘एचटीटीपी’च्या पोटातील ‘क्लायंट’कडे बोट दाखवावे, इत्यादी.

अशा याद्या या नगरीला नव्या नाहीत. व्यंकोजीराजांचे कारभारी रघुनाथपंत हणमंते, जे पुढे येथून निघून शिवछत्रपतींकडे गेले, त्यांच्याच नावावर परंपरा राजव्यवहारकोश घालते. एकीकडे फारसी संज्ञा आणि दुसरीकडे तिच्या जागी योजावयाची संस्कृत संज्ञा, अशी त्याची सरळ मांडणी. त्यानंतरही मराठी दप्तरांतून ‘वसूल’ आणि ‘हुजूर’ हटले नाहीत, ही गोष्ट निराळी. यंत्र हुकूम मानते. कारकून मानीलच असे नाही.

यादीने भागत नाही अशा पहिल्या जागेवर उपकरणाने जी अक्कल दाखविली तिचे मला अजून कौतुक वाटते. शक, फसली आणि सुहूर सन यांचे इसवी सनाशी गणित जुळविणारी माझी एक फाइल होती, तिचे नाव ‘कॅलेंडर’. आणि पायथॉनच्या स्वतःच्या भांडारातही याच नावाची एक फाइल आहे. जुनी आवृत्ती प्रथम शेजारी पाही, त्यामुळे माझीच फाइल येई. नवी आवृत्ती शेजाऱ्याची दखल न घेता थेट भांडाराकडे जाते. म्हणजे नाव तेच, अक्षरही चुकलेले नाही, आणि हाकेला ‘ओ’ देणारा मात्र भलताच; त्याच्याकडे सुहूर सनाचा हिशेब मागेपर्यंत तक्रारीचा शब्दही उमटावयाचा नाही. उपकरण अशा वेळी शेजारी त्या नावाची फाइल खरोखर आहे काय, आणि तो फोल्डर पॅकेज असल्याची खूण तेथे आहे काय, हे पाहून घेते, आणि मगच त्या ओळीत एक टिंब घालते, ज्याचा अर्थ ‘हा आपल्याच घरातला’.

परंतु जेथे एका जुन्या नावाच्या जागी दोन नवी नावे येतात आणि त्यांपैकी कोणते घ्यावे हे त्या ओळीत कोठेच लिहिलेले नसते, तेथे त्याची गती खुंटते. ‘स्ट्रिंगआयओ’ पूर्वी अक्षरे आणि कच्चे बाइट दोन्ही पोटात घेई. आता अक्षरांची पेटी वेगळी, बाइटांची वेगळी, आणि उपकरण सरसकट अक्षरांचीच पुढे करते. इंग्रजी मजकुरात हा भेद पुष्कळदा दडून राहतो, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत तसे नाही: ‘रुमाल’ हा शब्द जुन्या आवृत्तीत मोजला तर १५ भरतो, नव्या आवृत्तीत ५, आणि वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात ३. माझ्या सूचीत कागदाचे शीर्षक ३० बाइटांवर, म्हणजे १० चिन्हांवर, कापले जाई. इंपोर्टची नावे बदलून झाली, आज्ञावली चालूही लागली, पण आता ते ३० चिन्हांवर कापले जाऊन पुढचा प्रत्येक रकाना उजवीकडे ढळला.

मोडी वाचणाऱ्याला हा पेच नवा नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरे लटकविणाऱ्या त्या लिपीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घही सामान्यतः पाळलेले नसते, तेव्हा ‘दिन’ की ‘दीन’ हे त्या अक्षरांना विचारून कळत नाही. कागद दानधर्माचा आहे की रोजकीर्दीचा, हे ठाऊक असावे लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाचा इतिहास कोरविला तो बाळबोधीत. दप्तर मात्र मोडीतच चालत राहिले. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली स्थान मिळाले, आणि तेव्हापासून मोडीचे चिन्ह काढून देवनागरीचे बसविणारी आज्ञावली कोणीही हुशार विद्यार्थी लिहू शकेल. तिच्या हातचा मजकूर वाचावयास मात्र मोडी जाणणाराच बसवावा लागेल.

‘टू-टू-थ्री’ला ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीतून वगळण्यात आले. ३.९ पासून पायथॉनने आपला व्याकरणवाचकच बदलला, आणि पुढे आलेल्या रचना या उपकरणाच्या जुन्या वाचकाला झेपण्याजोग्या नव्हत्या, हे कारण रास्तच आहे. तथापि ज्यांच्यासाठी ते निर्माण झाले त्या जुन्या आज्ञावल्या काही संपलेल्या नाहीत, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी ३.१२ ही आवृत्ती मी बाजूला राखून ठेवली आहे. यंत्राने केलेले फेरफार मी एका नोंदीत आणि स्वतः केलेले दुसऱ्या नोंदीत दाखल करतो, म्हणजे पुढे सूचीतील एखादी तारीख संशयास्पद वाटली तर तपासणाराला दुसऱ्या नोंदीपासून आरंभ करता येतो. रकान्यांची रुंदी त्या दुसऱ्या नोंदीत आहे.