चाकांची पत्रिका

ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला की वुडवर्ड अव्हेन्यूवर मस्टँग, कॅमॅरो आणि चॅलेंजर यांची वर्दळ वाढते. ड्रीम क्रूझ हा अशा गाड्यांचा मेळावा 1995 पासून भरतो आहे, पण डेट्रॉईटमधून पॉन्टिअ‍ॅककडे जाणाऱ्या या रस्त्याला वेगाचा नाद त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. साठच्या दशकात इथे सिग्नल हिरवा झाला की शर्यत सुरू व्हायची आणि ती बघायला गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअरही यायचे. आता लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून, शीतपेट्या उघडून बसतात आणि गाड्या सावकाश पुढून सरकतात. या देखण्या संथपणात एकच आवाज कानाला टोचतो: पार्किंगमध्ये वळताना मागचा रुंद टायर मडगार्डच्या कडेला घासल्याचा. ड्रॅग रेसिंगची चाकं हौसेने, मोजून पैसे देऊन घातलेली असतात आणि मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं की पाचही नट आवळले गेले, म्हणजे चाक बसलं. हे तर्कशास्त्र मला मान्य नाही. नट आवळले जाणं ही चाक जुळण्यातली पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

मुळात मूळची चाकं काढायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये आहे. शोरूमची चॅलेंजर हेलकॅट 275/40 मापाच्या टायरवर आणि 20 इंची चाकावर यायची. तिथे साइडवॉलची उंची 110 मिलिमीटर. 2023 साली डॉजने चॅलेंजरचीच डेमन 170 काढली, तेव्हा पुढे 18 आणि मागे 17 इंची चाकं दिली, मागच्या टायरचं माप 315/50. हिशेब केला तर साइडवॉल 157 मिलिमीटर भरते. गाडी सुटताना ही उंच, मऊ भिंत चुरगळते, टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो आणि पकड वाढते. वर इंजिनाचा पहिला हिसका टायर स्वतः पोटात घेतो, अ‍ॅक्सलवर सोडत नाही. म्हणजे चाक जितकं मोठं तितकी गाडी रुबाबदार, ही समजूत ड्रॅग स्ट्रिपवर उलटी पडते. तिथे चाक लहान करून टायरला जागा द्यायची असते, आणि नेमकी तिथूनच न जुळण्याची कटकट सुरू होते.

आपल्याकडच्या पत्रिकेशी याची तुलना केल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. गुणमेलनात 36 गुण: वर्णाचा 1, वश्याचे 2, असं चढत चढत नाडीचे 8. 18 च्या वर गेले की बोलणी पुढे सरकतात, पण एकनाड निघाली तर बाकीचे 28 च्या 28 जुळूनही गुरुजी मान हलवतात. चाकांच्या पत्रिकेत वर्णाचा एक गुण आहेच, काळं की चकचकीत, आणि बहुतेक खरेदी त्या एका गुणावर होते. बाकीची सगळी कूटं मात्र नाडीच्या जातीची. एक चुकलं की बेरजेला अर्थ नाही. त्यातली थोरली नाडी म्हणजे पीसीडी, स्टड ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा व्यास. मस्टँगचा 114.3 मिलिमीटर, चॅलेंजरचा 115. कॅमॅरोच्या पाचव्या-सहाव्या पिढीचा 120, तर 1969 च्या कॅमॅरोचा पावणेपाच इंच, म्हणजे 120.65. फरक पाऊण मिलिमीटरच्याही आतला, त्यामुळे मोह होतो. नट जोर लावून आवळले जातातही, पण त्यांचा निमुळता भाग भोकाच्या उतारावर सगळीकडून टेकत नाही, स्टड वाकून ताणाखाली राहतो आणि काही मैलांत नट सैलावू लागतात. दुसरं कूट मधल्या भोकाचं. मस्टँगचा हब सुमारे 70.5 मिलिमीटर, चॅलेंजरचा 71.5; मस्टँगच्या हबवर चपखल बसणारं चाक चॅलेंजरच्या हबवर चढणारच नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ऑफसेटमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतरात, आणि त्याला इथली मापं जबाबदार आहेत. चाकाची रुंदी इंचांत, ऑफसेट मिलिमीटरमध्ये, टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, त्याच टायरचा आतला व्यास पुन्हा इंचांत. आणि जुने लोक ऑफसेट न सांगता बॅकस्पेसिंग सांगतात, म्हणजे हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून चाकाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, अर्थात इंचांत. दोन्हींचं नातं साधं आहे. 10 इंची चाक कडेपासून कडेपर्यंत सुमारे 11 इंच असतं. त्याचा मध्य साडेपाचावर. बॅकस्पेसिंग साडेसहा असेल तर ऑफसेट अधिक एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर. आता समजा मूळचं चाक साडेनऊ इंची आहे आणि हौस 11 इंचांची. रुंदी दीड इंचाने, 38 मिलिमीटरने वाढली. ऑफसेट तोच ठेवला तर आत 19 आणि बाहेर 19. मडगार्डपाशी दहाच मोकळे असतील तर ऑफसेट नऊने वाढवून बाहेरची वाढ दहावर आणायची, पण मग आत 28 जातात, आणि तिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे, ब्रेकची नळी आहे. हे 28 मिलिमीटर आहेत की नाहीत ते गाडी जॅकवर लटकत असताना कळत नाही. सस्पेन्शन दाबून, चाक वर आलेल्या स्थितीत मोजावं लागतं. त्यातही चाकाची रुंदी म्हणजे टायरची रुंदी नव्हे, टायरचा फुगवटा वेगळा धरायचा. शिवाय साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल तंतोतंत मधोमध असेलच असं नाही, म्हणून डावीकडचं माप उजवीकडे लागू पडेल या भरवशावर राहू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की विक्रेते मॉडेलचं नाव विचारून तयार संच देतात, मग फूटपट्टी हवी कशाला? नाव पुरेसं नसतं म्हणून. 2015 च्या साध्या मस्टँग जीटीची पुढची डिस्क 352 मिलिमीटरची, परफॉर्मन्स पॅकची 380. कागदावर दोन्ही जीटीच. हेलकॅटची पुढची डिस्क 15.4 इंचांची, ती 15 इंची चाकात कशी मावणार? आणि डिस्क मावली तरी कॅलिपर आहेच. तो या पत्रिकेतला मंगळ: रुंदी, ऑफसेट, पीसीडी सगळं तेच असलेल्या दोन चाकांपैकी एकाचे आरे कॅलिपरला मोकळीक देतात, दुसऱ्याचे घासतात. चांगले उत्पादक यासाठी कागदी साचा देतात; तो कापून कॅलिपरवर धरायला फारसा वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा, की आम्ही याच रस्त्यावर असलं काही न मोजता पळवल्या. खरं आहे, पण त्या गाड्यांत बहुधा ड्रम ब्रेक, 14 इंची चाकं, अरुंद टायर. मडगार्डखाली एवढी जागा असायची की चूक पोटात घातली जायची.

तिसरा आक्षेप म्हणजे शांत करण्याचा उपाय. दोष निघाला की शांत करावी, तसं चाक जुळलं नाही की हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसर घालावा. स्पेसर वाईटच असतो असं नाही. हबला नेमका बसणारा, चांगल्या घडणीचा स्पेसर लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण स्पेसर जेवढा जाड, तेवढे स्टडचे आटे कमी. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचा नियम असा, की स्टडचा जेवढा व्यास, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटाने धरलेले हवेत. अर्ध्या इंचाच्या, इंचाला 20 आटे असलेल्या स्टडवर नटाचे दहा पूर्ण फेरे झाले पाहिजेत. 14 मिलिमीटरच्या, दीड पिचच्या स्टडवर साधारण साडेनऊ. नट हाताने फिरवत फेरे मोजायचे, पान्याने नव्हे. ड्रॅगच्या अनेक चाकांना मूळचे निमुळते नट चालत नाहीत. सरळ दांड्याचे, वॉशरचे नट लागतात, आणि त्यांचा दांडा भोकाच्या खोलीपेक्षा लांब असेल तर तो मागे हबवर टेकतो. नट घट्ट लागतो, चाक मात्र सैलच. टोपी असलेल्या बंद नटाची फसवणूक तशीच: लांब स्टड टोपीच्या तळाला टेकला की टॉर्क रेंच समाधानाने खटका देतो आणि चाक आवळलेलं नसतंच. म्हणून शर्यतीत दोन्ही बाजूंनी उघडे नट घालतात, स्टड बाहेर आलेला डोळ्यांना दिसतो. आणि 50 ते 100 मैलांनंतर पुन्हा टॉर्क तपासायचा, चाक कितीही महागाचं असलं तरी.

ड्रॅगसाठी पुढे घालतात त्या काटकुळ्या चाकांबद्दलही तटस्थ लिहायचं ठरवलं होतं. वजन आणि चाक फिरण्याला होणारा रोध कमी होतो, स्ट्रिपवर त्याचा फायदा आहे. पण चार-साडेचार इंची चाक घालून दोन टनांची गाडी पावसात वुडवर्डच्या सिग्नलला थांबवणं याला मी हौस म्हणणार नाही, बेपर्वाई म्हणेन. ब्रेक लावताना वजन पुढे येतं आणि तिथेच रबर सर्वांत कमी असतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीची मूळ रचना बदलण्याच्या आड येतं. मिशिगनमध्ये तर गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणीही नाही. काय बसवलंत ते कोणी वाकून बघत नाही. बघायचं ते आपणच, आणि टायर चढवण्याआधी. टायर एकदा चढला की सहसा चाक परत घेत नाहीत. नुसतं चाक हबवर लावायचं, दोनच नट हाताने फिरवायचे, चाक हळूच एक फेरा फिरवून कॅलिपरपाशी कान लावायचा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघायचं. खरखर ऐकू आली तर चाक पुन्हा खोक्यात.