चैत्यभूमीचा समुद्र आणि सैनिकाचे आईबाप

मुलगा सैन्यात आहे असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "अभिमान वाटत असेल!" वाटतो. पण रात्री झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

मे 2025 मधल्या त्या चार दिवसांत आम्हा दोघांना झोप लागली नाही. "काही दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका," एवढं सांगून पोरगा गप्प झाला होता. 8 तारखेच्या रात्री टीव्हीवर निवेदक ओरडत होते, कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून. ती बातमी खोटी निघाली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडत होते: आता थांबू नका, एकदाचं संपवून टाका. लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही पोर फौजेत नाही.

शेजारच्या काकूंनी नवस बोलायला सांगितलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण आम्ही 22 प्रतिज्ञा घेतलेली माणसं. 9 तारखेला संध्याकाळी टीव्ही बंद केला, लोकल पकडली आणि दादरला उतरून चैत्यभूमी गाठली.

6 डिसेंबरला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी गर्दी नव्हती. वंदन करून आम्ही समुद्रासमोर बसलो. याच किनाऱ्यावर 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. त्या दिवशी लाखो लोकांनी आपला बाप गेल्याचं दुःख याच समुद्रासमोर सोसलं होतं. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. लाट येत होती, जात होती. हळूहळू श्वास तिच्या चालीने चालू लागला. समोरचं पाणी कराचीच्या किनाऱ्यालाही लागतं, हे तेव्हाच ध्यानात आलं. तिथेही कुणी आईबाप असेच बसले असतील.

काळजी गेली नाही, पण छातीवरचं ओझं थोडं उतरलं. मग आमच्या मनात कितीतरी दिवस अडकलेला प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. बुद्धाचा धम्म मानणाऱ्या आम्ही पोराला फौजेत पाठवलंच कसं?

उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. ते सुभेदाराचे पुत्र, महूच्या छावणीत जन्मलेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या माजी सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. ही धडपड लढाईच्या हौसेपोटी नव्हती. गावाने ज्याला माणूस मानलं नाही, त्याला वर्दी, पगार आणि शिक्षण मिळण्याची ती वाट होती. ती वाट अजून पुरती मोकळी झालेली नाही. 2020 साली गुजरातमध्ये घोड्यावर बसला म्हणून एका दलित जवानाच्या वरातीवर दगडफेक झाली. सीमेवर चालणारा जवान गावच्या रस्त्यावर चालत नाही!

पण त्याच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण काय सांगितलं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांना कोलीयांशी युद्ध करायचं होतं. सिद्धार्थाने भर संघात विरोध केला. ठराव बहुमताने त्याच्या विरोधात गेला. तुझ्या कुटुंबावर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू, अशी धमकी मिळाली. तेव्हा घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. तो घरी आला तेव्हा शुद्धोदन आणि गौतमी रडत होते. युद्धाच्या प्रश्नात आईबापांचे अश्रू बाबासाहेबांनी वगळले नाहीत.

म्हणजे सैनिकाचा मान राखणं आणि युद्ध नको म्हणणं, दोन्ही आपल्याच वारशात आहे. आमचा पोरगा कर्तव्यावर आहे, तो ते चोख बजावेल. पण युद्ध नको म्हटल्याने आमची देशभक्ती कमी होत नाही. ज्याचं लेकरू तिथे उभं आहे, त्याला हे म्हणण्याचा पहिला हक्क आहे. हे एकमेकांशी मोकळेपणाने बोललो आणि मन निवलं. समुद्राने दुसरं काही केलं नाही, फक्त ओरडणाऱ्यांचा आवाज बुडवून टाकला.

10 तारखेला संध्याकाळी युद्धविराम झाला. पोराचा फोन आला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "जेवलात का?"

तरुण मित्रांनो, भरतीला जायचं असेल तर जरूर जा, अभ्यास करून अधिकारी व्हा. पण घरी बसून युद्धाच्या पोस्ट फिरवू नका. आणि वस्तीत कुणाचं पोर सीमेवर असेल, तर त्या घरी जा, थोडा वेळ बसा. अभिमानाचं नंतर बोला. आधी विचारा, झोप लागते का?

जय भीम!