पेंडशांचे कोकण: स्मृतीचे अदृश्य वतन

कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा जन्म 1913 साली दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला; बालपणीच ते मुंबईस आले आणि पुढे ‘बेस्ट’ या शहर वाहतूक उपक्रमात नोकरी करीत तेथेच स्थिरावले, तरी ‘एल्गार’, ‘गारंबीचा बापू’ (1952) या कादंबऱ्यांची भूमी कोकणच राहिली. अशा लेखनास प्रादेशिक कादंबरी, म्हणजे जिच्यात विशिष्ट भूभाग केवळ पार्श्वभूमी न राहता पात्रांच्या स्वभावाला घडवितो अशी कादंबरी, म्हणतात. पण ही संज्ञा भूगोल सांगते, त्या भूगोलाचे लेखकाच्या मनात काय झाले ते सांगत नाही. लहान वयात सुटलेले गाव मनात वाढत राहते, कारण रोजच्या व्यवहाराने ते झिजत नाही, आणि मुलाने ऐकलेल्या, पण न उमगलेल्या भाऊबंदकीच्या कुजबुजींना प्रौढपणी कथानकाचा आकार येऊ शकतो. असे एक कथानक खोतांचे; खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. खोती कायद्याने संपल्यानंतर काही दशकांनी, 1987 साली, ‘तुंबाडचे खोत’ ही द्विखंडी कादंबरी प्रसिद्ध झाली. एवढ्या उशिरा त्या काळाकडे वळण्याला गतकातरता, म्हणजे सरल्या काळाची ओढ, म्हणणे अपुरे वाटते, कारण या कादंबरीत गावाच्या ओढीइतकीच त्याच्या क्रौर्याची जाणही आहे.