बाळीचं स्थळ

मुलीला स्थळ शोधणारा बाप आणि म्हाताऱ्या मांजराला घर शोधणारा माणूस यांच्यात फरक एवढाच, की मुलीच्या बापाला चहा तरी मिळतो. बाकी सारं तेच. तेच "कळवतो", तेच "घरात विचारून सांगतो", तेच "आमच्याकडे यंदा कर्तव्य नाही". शिवाय मुलीच्या बापाला वय एखाद-दुसऱ्या वर्षानं खाली आणता येतं. मी पडलो गणिताचा मास्तर. आकडा कमी करून सांगणं मला जन्मात जमलं नाही. "वय १४, मूत्रपिंडाचा जुना विकार, दात ४" हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकत असे, आणि दुसरं वाक्य ऐकायला समोरचा थांबत नसे.

बाळी ही आमची मांजर. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. बाळीच्या आईनं पहिली सहा घरं कोणाकोणाची दाखवली ते तिचं तिला ठाऊक. सातवं आमचं, बुलढाण्यातलं. माझ्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यावर तिनं एवढंसं पिल्लू आणून ठेवलं आणि आठवं घर दाखवायला ती काही परत आली नाही. ते राहिलेलं काम १४ वर्षांनी माझ्या अंगावर पडलं. मांजराची १४ वर्षं म्हणजे माणसाची साधारण ७२. मलाही ७२च. तेव्हा आता आम्ही दोघं एकाच इयत्तेत. दोघांचेही दात हलतात, दोघंही रात्री तीनदा उठतो, आणि उठून कशाला आलो हे दोघांनाही स्वयंपाकघरात उभं राहून आठवावं लागतं.

घर शोधायची पाळी का आली ते आधी सांगितलेलं बरं. नाहीतर वाचक म्हणतील, बघा, म्हाताऱ्या जिवाला बाहेर काढायला निघाला! हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आणि मुलगा म्हणाला, "आता पुण्यालाच या, कायमचे." बाळीलाही आणा, असं तो म्हणालाच असता, पण नातीला दमा. लोक उगाच मांजराच्या केसांना नावं ठेवतात. वास्तविक अपराध लाळेचा. मांजर अंग चाटतं, लाळेतलं एक प्रथिन केसांवर वाळतं, त्याची बारीक धूळ हवेत उडते, आणि ज्याला सोसत नाही त्याचा श्वास कोंडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटात नात आणि बाळी या दोघी मावणं शक्य नव्हतं. नातीला तर बाहेर काढता येत नाही.

आता बाळीच्या दुखण्याविषयी. मांजरांचे पूर्वज कोरड्या, रेताड मुलखातले. पाणी थोडं प्यायचं आणि मूत्रपिंडांनी त्यातला थेंब न् थेंब राखायचा, हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवहार. म्हातारपणी मूत्रपिंडं थकतात, पाणी राखवत नाही. मग मांजर भांडंभर पाणी पितं आणि भांडंभर बाहेर टाकतं. आणि मूत्रपिंडांचं दोनतृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसतही नाही. बाळी बादलीत मान घालून पाणी पिऊ लागली तेव्हा ही म्हणाली, "उन्हाळा सुरू झाला वाटतं." महिना डिसेंबरचा होता, आणि बुलढाण्याचा डिसेंबर म्हणजे कानटोपीचा.

पिशवीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत आमच्यापुढं एक बैल, मागं चार शेळ्या. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे बरं होणारं दुखणं नाही. पण नीट सांभाळलंत तर राहिलेले दिवस सुखात काढेल." सांभाळायचं म्हणजे दिवसाआड कातडीखाली १०० मिलिलिटर सलाईन, फॉस्फरस कमी असलेलं वेगळं खाणं, घरभर पाण्याच्या वाट्या, आणि दूध बंद. ज्या प्राण्यावर मराठी भाषेनं डोळे मिटून दूध पिण्याची म्हण रचली, त्याचंच दूध तोडलं! त्यावर बाळीनं डोळे मिटायचंच सोडलं. माझ्या चहाच्या कपाकडे ती टक्क डोळ्यांनी बघत बसे. मला साखर बंद, हिला मीठ कमी, बाळीला दूध वर्ज्य. घर एक, पथ्यं तीन.

सलाईन द्यायला आम्हांला मागच्या गल्लीतल्या सिस्टरनी शिकवलं. दवाखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. नाव कोणी घेत नाही, सगळ्या गल्लीच्या त्या सिस्टर. माझा हात थरथरायला लागला तेव्हा म्हणाल्या, "सर, पस्तीस वर्षं पोरांचे कान धरले ना? तशीच हिच्या मानेची कातडी धरा, आणि उचला." सुई गेली. सलाईन आत उतरलं की बाळीच्या खांद्यावर उंटासारखा उंचवटा येई आणि काही तासांत जिरून जाई. तेवढा वेळ ती आमच्याशी अबोला धरी.

तर अशा या मुलीला स्थळ पाहायचं होतं. माझी सारी भिस्त विद्यार्थ्यांवर. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. दोन्हीकडे माझ्या हाताखालून गेलेली पोरं पसरलेली. पहिला फोन खामगावच्या एका अडत्याला केला. "सर, तुमी सांगाव अन् मी नाई म्हनाव? आजच पाठवा," तो म्हणाला. "उंदरं धरते ना?"

मी म्हटलं, "उंदरांचा आणि तिचा अलीकडे समझोता झालाय."

"मंग तिले ठिवून करू काय मी, सर?"

प्रश्न रास्त होता. शिवाय घाटाखालचा मे महिना धडधाकट माणसाला सुकवतो, तिथं बाळीचं काय चालणार?

दुसरं स्थळ चिखलीचं. नवरा-बायको शिकलेले, मुलगी सहा वर्षांची. घरी येऊन पाहून गेले. मुलीनं बाळीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि आईला म्हणाली, "मम्मी, हे मांजर जुनं आहे." विषय संपला. तिसरं स्थळ मेहकरकडच्या शेतकऱ्याचं. हा सगळ्यांत मायाळू. "सर, गोठ्यात मस्त राहीन. दोन टाइम दूध देऊ. सुया-बिया काई लागत नाईत, मोकळी सोडली का आपोआप बरी होते!" त्याच्या मायेत खोट नव्हती. पण तेवढ्या मायेवर बाळी जेमतेम महिना काढती.

मग न विचारता सल्ला देणारे पुढं सरसावले. एक शेजारी म्हणाले, "पोत्यात घाला आणि राजूर घाटात सोडून या. आहे काय अन् नाही काय!" मी त्यांना प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा सांगितला. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. "दंड किती?" त्यांनी विचारलं. पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत, असं कायद्यात लिहून ठेवलंय. ते मोकळेपणानं हसले. तेव्हा ही आतून म्हणाली, "आणि मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. आजचा भाव विचारून या सराफाकडे." शेजारी गप्प झाले. कायद्यापेक्षा आमचा धर्म दंडाच्या बाबतीत कितीतरी पुढं आहे.

दुसऱ्या एका गृहस्थांनी वाघाचा दाखला दिला. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक वाघ निघाला, रानं-शिवारं तुडवत १३०० किलोमीटरांहून जास्त चालला, आणि डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. "वाघ आपलं घर आपण शोधतो. मांजर त्याचीच मावशी ना?" गोष्ट खरी आहे. पण तो वाघ ऐन उमेदीतला होता आणि त्याचं क्रिएटिनिन चांगलं असणार. आमची मावशी ओसरीची पायरी चढताना मध्ये एकदा बसून घेते. शिवाय वाघ येऊन राहिला तेव्हा वनखात्यात त्याला जोडीदारीण आणायची चर्चा चालली. बाळीसाठी एवढा विचार करायला कुठलं खातं मोकळं होतं?

मन खट्टू झालं की मी हंफ्रीची आठवण काढी. हा लंडनचा बोका. बेवारशी म्हणून १९८९ साली १० डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे थेट पंतप्रधानांच्या घरी आला आणि तिथंच उंदरांच्या बंदोबस्तावर चिकटला. थॅचरबाई गेल्या, मेजरसाहेब गेले, हा आपला जागच्या जागी. १९९७ साली ब्लेअरसाहेब आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मूत्रपिंडाच्या दुखण्यापायी हंफ्रीला निवृत्त करून एका सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी पाठवलं. दुखणं तेच, बाळीचंच! पण लोकांचा विश्वास बसेना. नव्या पंतप्रधानांच्या बाईंना मांजरं खपत नाहीत, बोक्याचा काटा काढला, अशी आवई उठली. शेवटी सरकारनं पत्रकारांना एका गुप्त जागी नेलं आणि हंफ्रीचा त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांसह फोटो काढू दिला. हा बोका पुढं २००६ पर्यंत जगला. मला त्या फोटोपेक्षा ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटे. म्हातारा, आजारी जीवसुद्धा नव्या घरात रुजतो, फक्त घर मिळालं पाहिजे.

ते मिळालं मागच्याच गल्लीत. एक दिवस सिस्टर सलाईनचं कसं चाललंय ते पाहायला आल्या आणि खुर्चीवर बसून म्हणाल्या, "सर, मला मांजरांचा नाद नाही, हे आधीच सांगते." मी मनातल्या मनात त्यांचंही नाव खोडलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "रात्री किती वेळा ओरडते? लाइट गेल्यावर कुठं लपते? पाणी स्टीलच्या भांड्यातलं पिते की मातीच्या? मागच्या महिन्यात वजन किती भरलं होतं?"

मी वही काढली. गणिताच्या मास्तराच्या घरी वजनाचा आलेख नसेल तर कोणाच्या असणार? मागच्या महिन्यात ३ किलो ६००, या महिन्यात साडेतीन. तो आलेख त्या वाचत असताना माझ्या लक्षात आलं, की आजवर सगळ्यांनी मांजर आपल्या काय उपयोगाचं ते विचारलं होतं. मांजराला काय लागतं, हे विचारणारं हे पहिलंच माणूस.

मग त्यांनी अटी घातल्या. पहिली, औषधपाण्याचा खर्च आमचा. "माझं पेन्शन माझ्याच गोळ्यांना पुरत नाही." दुसरी, बाळीचं खाणं सुटलं आणि डॉक्टर म्हणाले, आता पुरे, तर तिला यातनांत ठेवायचं नाही, आणि तेव्हा आम्ही पुण्याहून फोन करून रडायचं नाही. हिनं मान हलवली आणि आतापासूनच डोळ्यांना पदर लावला. तिसऱ्या अटीला सिस्टर जरा थांबल्या. "मी ६८ ची आहे, सर. उद्या माझंच काही झालं तर हिचं काय? तेही आजच ठरवा."

आम्ही तिघंही गप्प झालो. ७२, ७०, ६८ आणि १४. बैठकीत एकंदरीत भरवशाचं कोणीच नव्हतं. शेवटी औषधाच्या दुकानावर बसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला बोलावून राखीव यादीत घातलं. त्यानं लेखी संमती दिली. एका मांजरासाठी तीन घरांचा कागद झाला.

मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं. त्यात जुनं घर पन्नास पावलांवर आणि लवकरच कुलूपबंद होणारं, म्हणून सिस्टरनी बाळीला तीन आठवडे दाराबाहेर न सोडायचं ठरवलं. सुरुवातीला तर एकच खोली. सोबत तिची वाटी, तिचं मातीचं टोपलं आणि तिची गोधडी, न धुतलेली. कारण मांजराला ओळखीचा वास म्हणजे आपलं माणूस. मी चार पानी सूचनापत्र करून दिलं: खाण्याच्या वेळा, सुयांचा नंबर, रुसवा ओळखण्याची लक्षणं. आम्हांला तिथं फिरकायला मनाई. चार दिवस बाळी पलंगाखाली बसून होती. पाचव्या दिवशी आपणहून बाहेर आली आणि खिडकीतून ऊन येतं त्या कोपऱ्यात जाऊन बसली. सिस्टरनी हे फोनवर सांगितलं तेव्हा ही त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

सिस्टरना मी हंफ्रीची गोष्ट सांगून ठेवली होती. त्यामुळे आता दर रविवारी पुण्यात माझ्या फोनवर बाळीचा फोटो येतो, त्या दिवसाच्या वर्तमानपत्रासह. फक्त बाळी वर्तमानपत्राशेजारी बसत नाही, वर्तमानपत्रावर बसते, आणि नेमकी तारखेवर. पुराव्याच्या दृष्टीनं तो फोटो कुचकामी आहे. आम्ही चालवून घेतो.

पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मला फ्रिजच्या दारावर हिच्या अक्षरातला एक कागद दिसला. वाटलं, बाळीच्या सूचनापत्राची नक्कल सामानातून आली असेल. वाचू लागलो. "रात्री तीनदा उठणं होतं, पॅसेजमधला दिवा चालू ठेवावा. जुनी गोधडी लगेच धुऊ नये. पहिले चार दिवस खोलीतच राहू द्यावं, फार हाका मारू नयेत. रुसवा फार वेळ टिकत नाही." सगळं बरोबर होतं. पण पुढं लिहिलं होतं, "सकाळी सहाला कोरा चहा, बिनसाखरेचा."

बाळी चहा पीत नाही.

सुनेनं तो कागद अक्षरशः पाळला. कोणी हाका मारल्या नाहीत, गोधडी कोणी धुतली नाही, पॅसेजमधला दिवा रात्रभर जळत राहिला. पाचव्या दिवशी मी आपणहून खोलीच्या बाहेर आलो आणि बाल्कनीत ऊन येतं त्या कोपऱ्यात जाऊन बसलो.